सर्व्हरला शिळंच मानवतं

ऑफिसातल्या जुन्या पीसीचा छोटा सर्व्हर करायचा ठरला की पहिला प्रश्न: कोणती लिनक्स टाकू? बहुतेकांचं उत्तर असतं, जिच्यात सगळं नवंकोरं मिळेल ती. मोबाइलने लावलेली ही सवय सर्व्हरवर अंगाशी येते.

डेबियन या लिनक्सची 'स्टेबल' म्हणजे स्थिर शाखा घ्या. साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती निघते आणि आतल्या पॅकेजांचे, म्हणजे तयार बांधून दिलेल्या प्रोग्रामांचे, आवृत्तीचे आकडे तिथेच गोठतात. जून २०२३च्या डेबियन १२मधलं ओपनएसएसएच (सर्व्हरवर दुरून लॉगिन करू देणारा प्रोग्राम) म्हणूनच ९.२वर थांबलं. मग १ जुलै २०२४ला ओपनएसएसएचमधलं मोठं भगदाड जाहीर झालं. लॉगिनसाठी दिलेले १२० सेकंद संपले की प्रोग्रामला सिग्नल येतो; हातातलं काम अर्धवट टाकून तो लॉगमध्ये नोंद करायला धावतो आणि त्यासाठी मेमरी मागतो. पण अर्धवट सुटलेलं कामही मेमरी वाटपाचंच असेल तर? मुनीमजींनी खतावणीतली रक्कम खोडली, नवी लिहायच्या आत घंटा वाजली आणि ते त्याच पानावर दुसरी नोंद करू लागले, असा तो घोळ. हजारो वेळा जोडणी करून हल्लेखोर नेमका तो क्षण गाठतो. साधला, तर थेट रूटचे, म्हणजे मशीनच्या मालकाचे, सगळे अधिकार.

मूळ प्रकल्पाने दुरुस्ती ९.८मध्ये दिली. डेबियनने ९.८ घेतलंच नाही. दुरुस्तीपुरता बदल उचलून ९.२ला ठिगळ लावलं. याला बॅकपोर्टिंग म्हणतात. नवी वैशिष्ट्यं येत नाहीत, त्यामुळे तुमच्या कॉन्फिग फाइली मोडत नाहीत. पॅकेजचा आकडा झाला ९.२पी१-२+डेब१२यू३. बघायचा तो शेवटचा 'यू३'; नुसतं '९.२' वाचणारे, सुरक्षेतली भोकं शोधणारे स्कॅनर मात्र उगाच बोंब मारतात. गंमत म्हणजे २००६मध्ये बुजवलेली ही चूक ८.५मध्ये परत शिरली होती. डेबियन ११मधल्या ८.४ला ती शिवलीच नाही!

२०२४च्याच मार्चमध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१मध्ये मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. एसएसएचच्या लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने पिच्छा पुरवला म्हणून. डेबियनच्या टेस्टिंग शाखेत, म्हणजे पुढची आवृत्ती जिथे घडते तिथे, तो पोचला होता, स्टेबलमध्ये ५.४च होतं.

आज लावायचं तर ऑगस्ट २०२५चं डेबियन १३ घ्या: तीन वर्षं पूर्ण आधार, पुढे दोन वर्षं एलटीएस, म्हणजे लांबवलेला सुरक्षा आधार. इन्स्टॉल करताना डेस्कटॉपची खूण काढा. एसएसएच सर्व्हर आणि स्टँडर्ड युटिलिटीज पुरे. मग 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' (दुरुस्त्या आपोआप बसवणारं) आणि 'नीडरीस्टार्ट' (काय रीस्टार्ट करायचं ते सांगणारं) ही पॅकेजं टाका. दुसरं विसरलं जातं. लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात तो सामाईक कोड, डिस्कवर बदलली तरी चालू प्रोग्राम मेमरीतली जुनीच प्रत वापरत राहतो, सर्व्हिस रीस्टार्ट होईपर्यंत. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, तर रीबूटच लागतो, आणि तो आपोआप होत नाही. '९०० दिवस बंद पडला नाही' ही फुशारकी म्हणजे बहुधा ९०० दिवसांपूर्वीचा कर्नल.

इंटरनेटवरची स्क्रिप्ट चालवून किंवा डॉकरमधून (प्रोग्राम बंद डब्यात घालून चालवणारी सोय) आणलेल्या सॉफ्टवेअरला यातलं काहीच लागू नाही. त्याचे अपडेट तुम्हीच बघायचे.