सीताफळाच्या कुळातली आफ्रिकी ‘मिरी’

रस्त्याकडेच्या खोट्या अशोकाचा फळांचा घोस कधी हातात घेऊन बघा. एकाच जागेवरून अनेक देठ निघालेले असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला एकेक सुटं फळ असतं. हा सगळा घोस एकाच फुलाचा. फुलाच्या मध्यभागी अनेक सुटी किंजदलं, म्हणजे बी धरणारे भाग, असतात आणि प्रत्येकाचं वेगळं फळ होतं. सीताफळातही हेच घडतं, फक्त तिथे किंजदलं वाढता वाढता एकमेकांना चिकटतात. सीताफळाचा एकेक डोळा म्हणजे एकेक किंजदल.

सीताफळ, रामफळ, हिरवा चाफा आणि खोटा अशोक यांच्या या ॲनोनेसी कुळात आफ्रिकेतलं एक झाड आहे, ज्याची फळं वाळवून मसाला म्हणून वापरतात. त्याचं शास्त्रीय नाव झायलोपिया एथिओपिका. नावावरून ते इथिओपियाचं वाटतं, पण जुने युरोपीय लोक आफ्रिकेच्या मोठ्या भागाला सरसकट तेच नाव देत. झाडाचा मुख्य पसारा सेनेगलपासून मध्य आफ्रिकेपर्यंतच्या दमट जंगलांत आणि नदीकाठांवर आहे. ते सदाहरित आणि सरळ वाढणारं असून २० मीटर उंची सहज गाठतं. याच्या मसाल्याला नायजेरियातले इग्बो लोक ‘उडा’ म्हणतात, हौसा लोक ‘किंबा’. घानामध्ये तो ‘ह्वेंतिया’ आणि सेनेगलमध्ये ‘जार’.

वाळलेलं एक फळ जवळून पाहू. चवळीच्या शेंगेचा तुकडा असावा तसं ते दिसतं: काळपट तपकिरी, ३ ते ५ सेंटिमीटर लांब, पेन्सिलीहून बारीक. आत जिथे बी आहे तिथे फुगीर, दोन बियांच्या मध्ये आवळलेलं. मोडलं की ५ ते ८ काळ्या, गुळगुळीत बिया दिसतात. जायफळाला जायपत्री असते तसं पिवळसर, कागदी उपांग बीच्या एका टोकाला असतं. दिसायला शेंग असली तरी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ही शेंग नव्हे. खोट्या अशोकासारखीच ही फळं एका फुलातून झुपक्याने येतात.

आता एक बी चावून बघा आणि नंतर नुसती साल चावा. बी कडवट लागते. सालीला मात्र मिरी, जायफळ आणि निलगिरी एकत्र केल्यासारखा वास येतो. या मसाल्याचं सगळं मर्म इथेच आहे. मिरीत आपण दाणा वापरतो, वेलदोड्यात साल टाकून दाणे ठेवतो. इथे नेमकं उलट करायचं. सुगंधी तेल मुख्यतः सालीत असतं. त्यातलं बीटा-पायनीन पाइनच्या झाडांत असतं, सिनिऑल निलगिरीत आणि वेलदोड्यात. मिरीचा तिखटपणा ज्या पायपरीनमुळे येतो, ते यात नाही. म्हणून ‘मिरी’ समजून चमचाभर घातली तर पदार्थ तिखट न होता औषधी आणि कडू होतो. बहुतेकांचं बिघडतं ते इथेच.

फळं पूर्ण उकलायच्या आत तोडावी लागतात. पिकून फुटली की आतला लालभडक भाग उघडा पडतो आणि पक्षी बिया खायला येतात. वाळवायच्या दोन रीती आहेत: ऊन किंवा धूर. दमट जंगलपट्ट्यात नुसत्या उन्हावर विसंबलं तर बियांच्या खोबणीत ओल राहते आणि बुरशी धरते, म्हणून चुलीवर धुरावून वाळवण्याची पद्धत आहे. धुरावलेली फळं जास्त काळी, किंचित चिकट आणि कस्तुरीसारख्या जड वासाची होतात. मटणाच्या रश्शाला ती शोभतात, पण हा मसाला घालून सेनेगलमध्ये जी कॉफी करतात, तिच्यात हा धूर सगळ्यावर मात करतो.

घेताना फळ वाकवून पाहावं. चांगलं वाळलेलं कट्कन मोडतं. वाकलं पण मोडलं नाही, तर ओल आहे. बियांभोवती पांढरी भुकटी दिसली तर घेऊ नये. अख्खी फळं बंद डब्यात बरेच महिने टिकतात, पूड मात्र लवकर उतरते, कारण तेल उडून जातं. तेव्हा लागेल तेवढीच कुटावी.

चार माणसांच्या रश्शाला ३-४ फळं पुरतात. कोरड्या तव्यावर मंद आचेवर अर्धा मिनिट परतायची, खलबत्त्यात हलकेच ठेचायची, बिया झटकायच्या आणि साल फडक्यात बांधून रश्शात सोडायची. वाढायच्या आधी पुरचुंडी काढून टाकायची. बियांसकट मिक्सरमध्ये फिरवली तर कडवटपणा रश्शात उतरतो आणि मग तो काढता येत नाही.

इग्बो घरांत बाळंतिणीला यामचं गरम, तिखट सूप देतात. याम म्हणजे आपल्या कोनफळाच्याच प्रजातीतला कंद. त्या सुपात सुकी मासळी आणि उडा असतोच. आपल्याकडच्या सुंठ, बाळंतशेपा आणि हळिवाची इथे आठवण येते. पण गरोदरपणात हाच मसाला तिथे टाळतात, आणि ती सावधगिरी आपणही पाळावी.

सेनेगलमधली ती कॉफी म्हणजे ‘काफे तूबा’. तूबा हे तिथल्या मुरीद या सूफी मुस्लिम पंथाचं पवित्र शहर. पंथाचे संस्थापक शेख अमादू बांबा यांना फ्रेंचांनी १८९५ मध्ये गॅबॉनला हद्दपार केलं. १९०२ मध्ये परतताना त्यांनी ही कॉफी सोबत आणली, असं अनुयायी मानतात. घरी करायची तर १०० ग्रॅम कॉफीबियांना १० ग्रॅम जार घ्यावं. बिया जवळजवळ भाजत आल्या की मगच ठेचलेली फळं घालावीत, कारण पातळ साल बियांच्या आधी करपते आणि करपली की वास जाऊन राखेची चव उरते. एकत्र दळून, गाळणीत किंवा फडक्यात ठेवून वरून उकळतं पाणी ओतावं, साखर सढळ घालावी. दूध घालत नाहीत.

विकत घेताना नावाची गल्लत होते. ‘गिनी पेपर’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात: आपली ही फळं, वेलदोड्याच्या कुळातल्या एका रोपाचे तपकिरी, तिखट दाणे, आणि आफ्रिकेतल्या खऱ्या मिरवेलीचे कंकोळासारखे शेपटीवाले दाणे. पुडीत लांबट, गाठीगाठीची अख्खी फळं दिसली तरच तो झायलोपिया. सुटे दाणे असतील तर ती वस्तू वेगळी, आणि तिथे वरचं कोणतंही प्रमाण लागू पडत नाही.