लँडस्केप क्विल्ट आले कुठून?

क्विल्ट म्हणजे वरचं कापड, मधलं भरण आणि खालचं अस्तर असे तीन थर टाक्यांनी धरलेलं, गोधडीसारखं पांघरूण. त्यात कापडाचे तुकडे आणि टाके वापरून डोंगर, झाडं, पाणी उभं करायचं म्हणजे लँडस्केप क्विल्ट. हे बऱ्याच जणांना अगदी अलीकडचं वाटतं, पण मुळं जुनी आहेत. 18व्या शतकात युरोपात भारतातून जाणारी छीट, म्हणजे नक्षीचं सुती कापड, एवढी महाग होती की त्यावरची झाडं, पक्षी, फुलं कात्रीने सुटी कापून साध्या कापडावर शिवायचे, म्हणजे थोडक्या छिटात अख्खं पांघरूण सजायचं.

पुढे अमेरिकेत ब्लॉकचे, म्हणजे एकसारखे चौकोन जोडून केलेले क्विल्ट रुळले, त्यात पाइनचं झाड असायचं, पण ते त्रिकोण जोडून केलेलं. देखावा असा नव्हताच.

मला या सगळ्यात सगळ्यात मोठं नाव वाटतं ते हॅरिएट पॉवर्सचं. जॉर्जियात 1837 साली गुलामगिरीत जन्मलेली बाई, बायबलमधल्या गोष्टींचा क्विल्ट केला आणि 1891 मध्ये पैशांची चणचण म्हणून तो 5 डॉलरला विकावा लागला, वाचताना पोटात तुटतं. तिच्या दुसऱ्या क्विल्टमध्ये, जो आज बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे, 1833 चा उल्कावर्षाव आहे, 1780 मध्ये भरदिवसा पडलेला अंधार आहे, कडाक्याच्या थंडीचा एक दिवसही आहे. आभाळ आणि हवा कापडात आणलीय तिने!

नंतर 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जुने क्विल्ट पेंटिंगसारखे भिंतीवर टांगले. ते भौमितिक होते, देखावे नव्हते, पण क्विल्ट पलंगावरून भिंतीवर गेला की त्याला ऊब द्यायची सक्ती उरत नाही, आणि मग त्यात क्षितिज मावतं. 1979 पासून अमेरिकेतल्या ओहायोत क्विल्ट नॅशनल हे कलात्मक क्विल्टचं प्रदर्शन सुरू झालं, त्याच साली रोटरी कटर, म्हणजे गोल फिरत्या पात्याचं कापड कापायचं हत्यार आलं.

खरा वाद मशीनच्या टाक्यांवरून होता, हाताचा टाका तोच खरा असं मानणारे खूप होते. 1989 मध्ये अमेरिकेतल्या पडुका शहरातल्या क्विल्टच्या मोठ्या स्पर्धेत कॅरिल ब्रायर फॅलर्टच्या मशीनच्या टाक्यांनी केलेल्या सूर्यग्रहणाच्या क्विल्टला सर्वोच्च बक्षीस मिळालं तेव्हा बरीच खळबळ झाली. लँडस्केपवाल्यांसाठी ही गोष्ट फार मोलाची, कारण मशीनचे कापड पुढे सरकवणारे दात खाली पाडून कापड मोकळं फिरवलं की दोरा पेन्सिलसारखा चालतो, गवताची पाती, झाडाची साल, पाण्यावरच्या लाटा सगळं त्यातूनच निघतं आणि तिन्ही थरही त्याच टाक्यांनी धरले जातात.