बाप्तिस्म्याच्या वहीत बाहेर पडायचा रकाना का नाही

कॅथलिक चर्चला जाणं सोडून मला आता बरीच वर्षं झाली. भांडण वगैरे काही झालं नाही, विश्वास उरला नाही एवढंच. पण जिथे आपण नाही तिथे आपण अजून आहोत अशी नोंदही असू नये असं मनापासून वाटायला लागलं, म्हणून मागच्या वर्षी पुण्यातल्याच आमच्या पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या ऑफिसात लेखी अर्ज घेऊन गेले. फादर प्रेमळ होते, चहा मागवला, कपाटातून बाप्तिस्म्याची, म्हणजे ख्रिस्ती करून घेण्याच्या विधीची, जाड पुठ्ठ्याची वही काढली आणि माझं पान उघडून माझ्याकडे फिरवलं. नाव, जन्मतारीख, आईवडील, गॉडफादर-गॉडमदर, बाप्तिस्मा कोणी दिला, आणि सगळ्यात शेवटी शेरा. शेऱ्यात दृढीकरणाची (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करायच्या संस्काराची) तारीख, तिच्या खाली वेगळ्या शाईत लग्नाची. "इथे 'सोडून गेली' असं लिहायची सोय नाही गं," म्हणाले, "मध्ये काही वर्षं तसा नियम होता, आता तो काढून टाकलाय."

मध्ये काही वर्षं नियम होता हे मला माहीतच नव्हतं. घरी येऊन तेच शोधत बसले आणि जे सापडलं ते नीट लिहून ठेवावंसं वाटलं, कारण आपल्याकडे मराठीत यावर कोणी बोलताना दिसत नाही.

मुळात ही वही आली कशासाठी तर लग्नांसाठी. युरोपात लोक चोरून लग्न करायचे, मग नाकबूल व्हायचे, दुसरं करायचे. त्याला आळा घालायला १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने ठरवलं की लग्न पाळकासमोर आणि साक्षीदारांसमोरच व्हायचं आणि त्याची नोंद ठेवायची. पुढे १९०७ मध्ये रोमने आणखी एक फर्मान काढलं, लग्न जगात कुठेही झालं तरी त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या मूळ वहीत करायची. म्हणजे जन्माच्या वेळची एक साधी नोंद होती तिची माणसाच्या मागे आयुष्यभर फिरणारी फाइल झाली. माझ्या पानावरची ती वेगळ्या शाईतली ओळ या फर्मानामुळे आलेली आहे.

यात शिकवणीचा भागही आहेच. बाप्तिस्म्याने आत्म्यावर पुसता न येणारी खूण उमटते असं कॅथलिक चर्च मानतं, त्यामुळे एकदा झालेला बाप्तिस्मा 'रद्द' ही कल्पनाच त्यात बसत नाही. बहिष्कृत माणूसही संस्कारांना मुकतो पण चर्चच्या कायद्यातून सुटत नाही. त्यांची श्रद्धा तशी आहे, तिच्याशी माझा वाद नाही. माझा अर्ज वहीबद्दल होता.

आता तो मधला नियम. कॅथलिक माणसाने पाळकासमोर आणि दोन साक्षीदारांसमोर लग्न केलं नाही तर चर्चच्या लेखी ते लग्न होतच नाही. मग जो विश्वास सोडून गेलाय आणि रजिस्टर लग्न करून पंचवीस वर्षं संसार करतोय त्याचं काय? तो चर्चच्या हिशोबात कायम अविवाहित. ही अडचण सोडवायला १९८३ च्या नव्या कॅनन कायद्यात, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्यात, तीन ठिकाणी एक सवलत घातली, ज्याने 'औपचारिक कृतीने' चर्च सोडलंय त्याला लग्नाचे हे नियम लागू नाहीत. तिन्ही कलमं लग्नाचीच, बाकी कुठे या सवलतीचा उल्लेख नाही. आणि औपचारिक कृती म्हणजे नेमकं काय करायचं हेही कुठे लिहिलेलं नव्हतं.

ते लिहायला तेवीस वर्षं लागली. जर्मनीत सरकार चर्चसाठी आयकराच्या आठ-नऊ टक्के कर कापतं आणि तो नको असेल तर सरकारी कार्यालयात जाऊन 'चर्च सोडलं' असं नोंदवावं लागतं. हजारो लोक ते करत होते आणि हे लोक कॅथलिक राहिले की नाही यावर तिथल्या बिशपांमध्ये एकवाक्यता नव्हती. शेवटी १३ मार्च २००६ ला व्हॅटिकनने पत्रक काढलं, की नुसतं सरकारी कागदावर सोडणं चालणार नाही, मनातून निर्णय हवा, तो लेखी द्यायला हवा आणि बिशपने किंवा पाळकाने तो स्वीकारायला हवा. मग बाप्तिस्म्याच्या वहीत तशी नोंद करायची. शेऱ्याच्या रकान्यात बाहेर पडल्याची ओळ लिहायची रीत रोमकडून अशी पहिल्यांदा स्पष्ट झाली. आयर्लंडमध्ये २००९ साली 'काउंट मी आउट' नावाची मोहीमच निघाली, लोक फॉर्म भरून आपापल्या बिशपला पाठवायला लागले.

आणि त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 'ओम्निउम इन मेंतेम' नावाच्या आदेशाने ती सवलत तिन्ही कलमांतून काढून टाकली. एप्रिल २०१० पासून लागू. कारणं वाचली मी, कोण खरंच गेलं आणि कोण नाही हे ठरवणं कठीण जातं, लोकांना सोडायला उत्तेजन मिळतं, परत यायचं असेल त्यांना अडचण होते, लग्नांची कायदेशीर गुंतागुंत वाढते. मला सगळ्यात लागलं ते हे, की सवलत दिली ती लग्नांसाठी आणि काढली तीही लग्नांचाच गुंता व्हायला लागला म्हणून. ज्याला शांतपणे निरोप घ्यायचाय त्या माणसाचा विचार देतानाही झाला नाही आणि काढतानाही नाही.

हे फक्त रोमचं आहे असं समजू नका, आपल्याकडच्या कायद्याची गोष्ट हुबेहूब अशीच आहे. १८७२ मध्ये इंग्रज सरकारने धर्माबाहेरच्या लग्नासाठी कायदा केला, त्यात नवरा-नवरीला लिहून द्यावं लागायचं की मी हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, पारशी यातला कुठलाच धर्म मानत नाही. सही करून धर्म नाकारायचा कागद आपल्या कायद्यात आला तो हा असा, लग्नापुरता. १९५४ च्या स्पेशल मॅरेज ॲक्टने ती अट काढली, ते योग्यच झालं, पण तो कागदही त्याबरोबर गेला.

आणि पुणेकरांना वेगळं सांगायला नको, पंच हौद या ख्रिस्ती मिशनचा चहा. १४ ऑक्टोबर १८९० ला गुरुवार पेठेत मिशनमध्ये टिळक, रानडे आणि इतर मंडळी जमली, चहा-बिस्किटं पुढे आली, मग गोपाळराव जोशींनी नावं छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे मिशनमधलं खाल्ल्या-प्यायल्याबद्दल जातीबाहेर टाकायचा वाद, उभं राहिलं. शंकराचार्यांनी चौकशी नेमली, शेवटी रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. समाजाने बाहेर काढायची रीत ठरलेली, परत घ्यायचीही ठरलेली. पण स्वतःहून 'मी निघतो' म्हणणाऱ्यासाठी रीत नव्हती, ना पेठेत ना मिशनमध्ये. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही चालायचे. येशूला न सोडता संस्थेपासून लांब व्हायची त्यांनी स्वतःच एक वाट केली.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांचं जरा सोपं आहे. पंच हौदचं चर्च आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे, जे १९७० ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन झालं. तिथल्या माझ्या मैत्रिणी सांगतात की वर्गणी थकली, उपासनेला येणं बंद झालं की सभासद यादीतून नाव आपोआप मागे पडतं. पण बाप्तिस्म्याची वही तिथेही तशीच राहते.

सरकारी कागदाचं मात्र एक चांगलं झालंय. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये मुंबई हायकोर्टात डॉ. रणजित मोहिते आणि इतरांची याचिका होती. येशूला मानतो पण ख्रिस्ती धर्म किंवा कुठलाच धर्म मानत नाही, तर गॅझेटमध्ये 'धर्म नाही' छापा असा त्यांचा अर्ज सरकारी प्रेसने नाकारला होता. कोर्टाने सांगितलं की कुठलाच धर्म नाही असं म्हणायचा हक्क घटनेच्या २५व्या कलमातच आहे आणि सरकार कोणावर धर्म लिहायची सक्ती करू शकत नाही. पण हा निकाल सरकारला बांधतो, पॅरिशच्या कपाटाला नाही.

शिवाय कागद बदलला म्हणून सगळं बदलतं असंही नाही. मराठी ख्रिस्ती लोकांत दलित घरं किती आहेत हे नगर-जालन्याकडच्यांना माहीत आहे. १९५० च्या आदेशामुळे ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीचा लाभ नाही, आणि परत हिंदू झाला तर सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये सांगितलेल्या अटींत एक अट अशी, की त्या जातीच्या समाजाने त्याला परत स्वीकारल्याचा पुरावा हवा. इथेही शेवटचा शब्द दुसऱ्यांचाच.

युरोपात आता लोक डेटा कायद्याचा, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याचा आधार घेतात. इटलीत १९९९ पासून नाव खोडत नाहीत पण शेजारी 'सोडलं' अशी नोंद करून मिळते, आयर्लंड आणि फ्रान्समध्ये खोडायची मागणी मान्य झाली नाही. आपला २०२३ चा डेटा कायदा फक्त डिजिटल माहितीपुरता आहे, कागदावरची माहिती कॉम्प्युटरवर चढवली तरच. म्हणजे माझी वही पुठ्ठ्यात आहे तोवर ती या कायद्याच्या बाहेर. मला इटलीसारखं मिळालं तरी पुरे आहे. पान फाडा असं मी म्हणतच नाहीये, माझा बाप्तिस्मा झाला हे खरंच आहे, मी निघाले हेही खरं आहे, दोन्ही लिहा.

घरी आईला सांगितलं तर ती कॅननबिनन काही बोलली नाही. "पप्पांच्या शेजारी जागा मिळेल का मग तुला?" एवढंच विचारलं. कॅनन कायद्यात उघडपणे धर्म सोडलेल्याला चर्चचा अंत्यविधी नाकारता येतो हे तिला माहीत नव्हतं, पण बरोबर तिथेच बोट ठेवलं तिने. मी तिला उत्तर दिलं नाही. अर्जाची झेरॉक्स माझ्याकडे आहे, तारीख आणि इनवर्डचा शिक्का मारून घेतलाय, मूळ अर्ज फादरांनी त्या वहीतच माझ्या पानाशी ठेवला.