काटकसरीचा प्रारंभिक डेक

काटकसरीचा प्रारंभिक डेक : डिजिटल संग्राह्य कार्डखेळात नवख्या खेळाडूने पैसे न घालता, किंवा अगदी थोडे घालून, उभा केलेला आणि तरीही जिंकण्याजोगा कार्डसंच. खेळाडूंच्या बोलण्यात यालाच ‘बजेट डेक’ म्हणतात. महागड्या डेकमधून दुर्मिळ कार्डे वगळून जे उरते ते म्हणजे बजेट डेक, अशी समजूत सर्रास आढळते. ती बरोबर नाही. ज्याचे मुख्य काम मुळातच साध्या कार्डांवर चालते, तोच खरा काटकसरीचा डेक. निवडीचे बाकीचे सगळे प्रश्न या भेदातून निघतात.

संज्ञा : ‘स्टार्टर डेक’ या शब्दाचा अर्थ बदलत गेला आहे आणि जुने लेखन वाचताना त्यामुळे घोटाळा होतो. रिचर्ड गारफील्ड यांचा ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा छापील कार्डखेळ १९९३ मध्ये आला तेव्हा स्टार्टर म्हणजे ६० कार्डांची बंद पेटी असे. आत कोणती कार्डे निघतील ते नशिबावर. एकमेकांशी जुळणारा संच मिळेलच असे नव्हते. आधीच बांधलेले, ठरावीक कार्डांचे ‘थीम डेक’ १९९७ च्या टेम्पेस्ट या संचापासून (संच म्हणजे एकत्र प्रसिद्ध होणारा नव्या कार्डांचा गट) रुळले. डिजिटल खेळांनी हा दुसरा अर्थ उचलला. आज स्टार्टर म्हणजे खाते उघडल्यावर फुकट मिळणारा तयार डेक, किंवा खेळाडूने त्यात भर घालून केलेला पहिला डेक. या नोंदीत खेळाडूने भर घालून केलेला पहिला डेक, हा अर्थ घेतला आहे.

उगम : स्वस्त कार्डांनी महागड्या डेकला हरवण्याची कल्पना छापील खेळातली आहे. तिची सुरुवात बहुधा १९९६ पासून मानली जाते. त्या वर्षी अटलांटा येथील पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय यांनी लाल रंगाचा (मॅजिकमध्ये कार्डांचे गट रंगांनी ओळखले जातात) एक डेक खेळला आणि पुढे त्या धाटणीलाच ‘स्लाय’ हे नाव पडले. डेकची बांधणी मात्र जे श्नायडर यांची होती. त्यामुळे श्रेय कोणाचे, हा वाद अधूनमधून निघतो. नाव खेळणाऱ्याचे आणि कल्पना बांधणाऱ्याची, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. डेकमधील कार्डे पाहिली तर त्या काळच्या खेळाडूंनी ती सहज बाजूला टाकली असती. ‘आयर्नक्लॉ ऑर्क्स’ हे त्यांपैकीच : दोन मॅनाचे (मॅना म्हणजे कार्ड खेळण्यासाठी खर्चावी लागणारी शक्ती), हल्ल्याला बरे, पण बळकट शत्रूसमोर बचावाला उभेच राहू न शकणारे. श्नायडर यांनी कार्डांची गुणवत्ता सुटी मोजली नाही. पहिल्या खेपेला, म्हणजे पाळीला, एक मॅना, दुसऱ्या खेपेला दोन, अशी प्रत्येक खेपेची सगळी मॅना खर्ची पडावी या बेताने कार्डांची संख्या ठरवली. यालाच पुढे ‘मॅना कर्व्ह’ म्हणू लागले. ही जाणीव खेळाडूंना त्याआधीही थोडीफार असावी. तिचा पद्धतशीर वापर श्नायडर यांच्यापासून धरणे योग्य. प्रतिस्पर्धी आपले भारी कार्ड टाकायला पाचवी-सहावी खेप येण्याची वाट पाहत असतो, तेव्हाच त्याला घेरायचे, ही या डेकची रीत. आजच्या बहुतेक बजेट डेकची रीतही हीच आहे.

आकड्यांची बाजू : ‘हार्थस्टोन’ (२०१४) या खेळाच्या नियमांवरून हे नेमके दाखवता येते. डेक ३० कार्डांचा. आधी खेळणाऱ्याच्या हाती सुरुवातीला ३ कार्डे येतात आणि मग दर खेपेला एक. म्हणजे सहाव्या खेपेपर्यंत ९ कार्डे दिसतात. ‘लेजेंडरी’ या सर्वांत दुर्मिळ दर्जाचे कार्ड डेकमध्ये एकच ठेवता येत असल्याने ते तोवर हाती येण्याची शक्यता ३० टक्के. दहाव्या खेपेपर्यंत धरली तरी साधारण ४३ टक्के. (सुरुवातीची कार्डे बदलून घेणे आणि जादा कार्ड ओढणे इथे धरलेले नाही.) उलट डेकमध्ये एक-दोन मॅनाची ८ कार्डे असतील, तर सुरुवातीच्या तिनांत त्यांपैकी निदान एक येण्याची शक्यता सुमारे ६२ टक्के, तीच १२ कार्डे ठेवली की ८० टक्के. नवखा खेळाडू लेजेंडरीसाठी महिनाभर साठवणूक करतो आणि हातातल्या साध्या कार्डांची संख्या मात्र मोजत नाही. निवडीतली सर्वांत महाग पडणारी चूक हीच.

चलन आणि मोडतोड : बहुतेक डिजिटल खेळांत खेळाडूंना आपसात कार्डांची अदलाबदल करता येत नाही. नको असलेले कार्ड मोडायचे आणि त्यातून मिळालेल्या चलनावर हवे ते घडवायचे, म्हणजे ‘क्राफ्ट’ करायचे. हार्थस्टोनमध्ये या चलनाला ‘डस्ट’ म्हणतात. दुर्मिळतेच्या चढत्या दर्जानुसार साधे कार्ड घडवायला ४० डस्ट, रेअर १००, एपिक ४००, लेजेंडरी १,६००. मोडल्यावर हाती येते अनुक्रमे ५, २०, १०० आणि ४००. म्हणजे एका लेजेंडरीसाठी चार मोडावी लागतात, एका रेअरसाठी पाच, पण एका साध्या कार्डासाठी आठ. साधी कार्डे मोडणे सर्वांत तोट्याचे आणि नवखे खेळाडू नेमकी तीच आधी मोडतात. १० रेअर व २० साध्या कार्डांचा डेक शून्यापासून घडवला तर १,८०० डस्ट लागते. २ लेजेंडरी, ४ एपिक, ८ रेअर व १६ साध्या कार्डांच्या डेकला ६,२४० लागते. पहिल्याला एकाच लेजेंडरीहून जरासेच जास्त पडते, ही तुलना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

झू : हार्थस्टोनच्या सुरुवातीच्या काळात वॉरलॉक या पात्राचा ‘झू’ नावाचा डेक गाजला. नाव मॅजिकमधील जुन्या डेकवरून आले. एक मॅनाचा ‘फ्लेम इम्प’, तितक्याच किमतीचा ‘व्हॉइडवॉकर’, अशी लहान कार्डे भराभर टाकायची. हात रिकामा झाला की दोन मॅना आणि स्वतःचे दोन प्राणबिंदू देऊन वॉरलॉकच्या अंगभूत शक्तीने नवे कार्ड ओढायचे. यातले खरे कौशल्य ‘डूमगार्ड’ या रेअर कार्डात दिसते. पाच मॅनात ५ बळ व ७ आयुष्य, शिवाय आल्या खेपेलाच हल्ला. बदल्यात हातातली नशिबाने ठरणारी दोन कार्डे फेकली जातात. महागड्या डेकमध्ये ही शिक्षा जबर असते. झूमध्ये तोवर हातात काही उरलेलेच नसते, त्यामुळे शिक्षा जवळपास फुकट सुटते. हा डेक एकाही लेजेंडरीशिवाय वरच्या श्रेणीपर्यंत पोहोचत असे. काटकसरीचा डेक कसा असावा याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा नाही.

इतर खेळ : ‘मॅजिक : द गॅदरिंग अरेना’मध्ये (२०१९) ६० कार्डांचा डेक लागतो. तिथे कार्ड मोडता येत नाही. दर्जानुसार मिळणारी ‘वाइल्डकार्डे’ देऊन हवे ते कार्ड घेता येते. म्हणून तिथे किंमत मोजायची ती रेअर वाइल्डकार्डांत. दोन रंगांच्या डेकला दोन्ही रंगांची मॅना देणाऱ्या चांगल्या भूमी (मॅना पुरवणारी कार्डे) लागतात आणि त्या बहुधा रेअर असतात. प्रतिस्पर्ध्यावर हल्ला न करणाऱ्या कार्डांवरच वाइल्डकार्डे संपतात. एकाच रंगाच्या डेकला साध्या भूमी पुरतात व त्या फुकट असतात. पहिला डेक एकरंगी असावा, या सल्ल्याचे मूळ यात आहे. ‘लेजेंड्स ऑफ रुनटेरा’ने (२०२०) बंद पाकिटे विकण्याची रीतच सोडली. ‘मार्व्हल स्नॅप’मध्ये (२०२२) डेक अवघ्या १२ कार्डांचा, तर ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’मध्ये (२०२४) २० कार्डांचा असतो.

निवडीविषयी मतभेद : एका मतानुसार डेकची किंमत म्हणजे आज तो घडवायला लागणारे चलन. दुसऱ्या मतानुसार त्यातली किती कार्डे पुढच्या डेकमध्ये कामी येतील, हेही धरावे लागते. हार्थस्टोनमध्ये एप्रिल २०१६ पासून ‘स्टँडर्ड’ हा फक्त अलीकडच्या संचांची कार्डे चालणारा प्रकार आला आणि जुने संच ठरावीक काळाने त्यातून बाहेर जाऊ लागले. तेव्हापासून दुसरे मत अधिक ग्राह्य ठरते : लवकरच बाहेर जाणाऱ्या संचातल्या कार्डांवर उभा डेक आज स्वस्त दिसला तरी महाग पडतो. कोणत्याही एका पात्राची नसलेली, सर्वांना चालणारी कार्डे या हिशेबात उजवी ठरतात. विकासकांनी एखादे कार्ड दुबळे केले तर हार्थस्टोनमध्ये काही दिवस ते मोडल्यावर पूर्ण डस्ट परत मिळते. म्हणून नुकतेच घडवलेले कार्ड दुबळे झाल्यास खेळाडूचे फारसे नुकसान होत नाही. त्याच कार्डाच्या भरवशावर घडवलेल्या बाकीच्या कार्डांची भरपाई मात्र मिळत नाही.

बदली कार्डांचा प्रश्न यालाच जोडून येतो. दुसऱ्याची डेकयादी उतरवताना त्यातले एखादे लेजेंडरी आपल्याकडे नसेल, तर ते कार्ड डेकमध्ये काय काम करते ते आधी पाहावे. ते फक्त सहाव्या खेपेचे बळकट कार्ड असेल, तर त्याच किमतीचे दुसरे चालते. संपूर्ण डेक त्या एका कार्डाची वाट पाहत रचलेला असेल, तर बदली कार्ड नसतेच. ती यादी सोडून दुसरी घ्यावी.