तांब्यावर कोरलेला दोन किहोते

आपण डॉन क्विक्झोट म्हणून ओळखतो, त्या ‘दोन किहोते’ या सर्व्हान्तेस यांच्या स्पॅनिश कादंबरीचा पहिला भाग १६०५ साली माद्रिदमध्ये हुआन दे ला कुएस्ता यांच्या छापखान्यात छापला गेला, तेव्हा त्यात कथेतील प्रसंगाचे एकही चित्र नव्हते. पुस्तकात प्रसंगचित्रांची मोठी मालिका प्रथम अवतरली ती १६५७ साली, डोर्ड्रेख्टमध्ये निघालेल्या डच अनुवादात. स्पॅनिश मजकुरासोबत ती १६६२ साली ब्रसेल्समध्ये छापली गेली आणि खुद्द माद्रिदच्या वाचकांना आपल्या शहरात छापलेली सचित्र आवृत्ती मिळायला १६७४ साल उजाडावे लागले.

ही चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली होती. मजकूर छापायच्या शिशाच्या खिळ्याला, म्हणजे अक्षराच्या ठशाला, किंवा लाकडी ठशाला शाई लागते ती उंचवट्यावर; पत्र्यावर मात्र ती कोरलेल्या खाचेत भरतात आणि उरलेला पृष्ठभाग पुसून लख्ख करतात. मग ओलसर कागद त्यावर ठेवून दोन रुळांमधून जबर दाबाने काढला, की मऊ झालेला कागद खाचेत शिरून शाई उचलतो. म्हणूनच अशा जुन्या पानावर अलगद बोट फिरवले तर रेघ किंचित उठलेली जाणवते आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन दिसतो. हा चौकोन मला चित्राइतकाच मोलाचा वाटतो, कारण कारागिराच्या यंत्राचा दाब त्यात आजही टिकून आहे.

खिळे आणि तांबे एकाच दाबात छापता येत नसल्यामुळे चित्रांची पाने बहुधा वेगळी छापून पुस्तकात बांधावी लागत, आणि त्यामुळे खर्च वाढे. शिवाय छाप उलटी उमटते: चित्र समोर ठेवून जसेच्या तसे कोरले, तर उजव्या हातातला भाला कागदावर डाव्या हातात जातो. तांबे मऊ असल्याने दर छपाईला पत्रा थोडा झिजतो, आणि आधी विरतात त्या सर्वांत बारीक रेघा, म्हणजे चेहऱ्यावरच्या आणि आभाळातल्या.

या तंत्राचा स्पेनमधला सर्वांत देखणा आविष्कार म्हणजे होआकिन इबारा यांनी स्पॅनिश भाषेची संस्था असलेल्या रॉयल स्पॅनिश अकादमीसाठी १७८० साली छापलेली चार खंडांची आवृत्ती. चित्रांतले पोशाख व चिलखते कथेच्या काळाशी जुळावीत, असा अकादमीचा आग्रह होता. पुढे १८६३ साली फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह दोरे यांची चित्रे आली ती लाकडावर कोरून. खोडाच्या आडव्या कापावर कोरलेला असा ठसा खिळ्यांच्याच उंचीचा करता येत असल्याने छोटे चित्र पुन्हा मजकुराच्या शेजारी, त्याच पानावर येऊन बसू शकले.