ससा, पाळीव : घरातील निवारा (मराठवाडा)

पाळीव सशाने घराच्या आत कायम राहावे म्हणून केलेली जागा व तिची मांडणी. कुंपण, लपण्याची पेटी, मलमूत्राचे पात्र, वैरण आणि पाणी ही तिची मुख्य अंगे. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे येथे पिंजरा निवडण्याआधी घरातली खोली निवडावी लागते.

ससा कोणता : मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द दोन वेगळ्या प्राण्यांना लावला जातो आणि बरेच घोळ तेथूनच सुरू होतात. माळरानावर, तुरीच्या ओळींत दिसतो तो रानससा (लेपस नायग्रिकॉलिस). तो बिळे खणत नाही. त्याची पिले डोळे उघडलेली आणि केसाळ जन्मतात. पाळीव ससा हा युरोपीय ससा (ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस). तो मुळात बिळात कळपाने राहणारा, पिले बिनकेसांची व आंधळी. पहिल्याची गुणसूत्रे ४८, दुसऱ्याची ४४. दोघांचा संकर होत नाही. रानससा पकडणे व बाळगणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे, शिवाय कोंडल्यास तो भीतीनेच दगावू शकतो. पुढील सर्व विवेचन युरोपीय सशापुरते आहे.

हा ससा माणसाळला केव्हा, याविषयी मतभेद आहेत. इ. स. ६०० च्या सुमारास पोप ग्रेगरी याने सशाची नवजात पिले उपवासाला चालतात असे ठरवले, म्हणून दक्षिण फ्रान्समधील मठवासीयांनी ससे पाळले, ही कथा अनेक संदर्भग्रंथांनी जशीच्या तशी उचलली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चिकित्सक अभ्यासात असा आदेश सापडत नाही, फ्रान्समधील तूर या शहराचा ग्रेगरी या दुसऱ्याच बिशपच्या लिखाणातील एका उल्लेखाशी ही गल्लत झाली असावी, असे दाखवले गेले. आयबेरियन द्वीपकल्पातील (स्पेन-पोर्तुगाल) ससे रोमन काळातही भिंतींच्या आवारात राखले जात. पाळीवपणाशी जोडता येतील असे हाडांतील बदल मात्र बरेच उशिरा, साधारण १८ व्या शतकापासून, दिसतात. माणसाळणे हा एका वर्षाचा प्रसंग नसून लांबलेली प्रक्रिया होती, हे मत अधिक ग्राह्य वाटते. निवाऱ्याच्या दृष्टीने यातले महत्त्वाचे एवढेच : बिळाची ओढ अजून गेलेली नाही. उघड्या पिंजऱ्यात ठेवलेला ससा दिवसभर कोपऱ्यात अंग चोरून बसतो, याचे कारण हेच.

खोलीची निवड : सशाला साधारण १५ ते २२ अंश से. मानवते; २८-३० च्या पुढे त्रास सुरू होतो. त्याला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे टाकतो. उन्हाच्या दुपारी कानांच्या शिरा टरारून दिसतात आणि ससा फरशीवर पोट टेकून, मागचे पाय लांब करून पडतो. येथवर तो स्वतःला सांभाळतो. नाकपुड्या भराभर हलू लागल्या, तोंडाभोवतीचे केस ओले झाले, मान ढिली पडली, की तो उष्माघात समजावा. कान साध्या पाण्याने ओले करावेत, बर्फाच्या पाण्यात बुडवू नये, आणि लगेच पशुवैद्य गाठावा.

जुन्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छपराच्या) घरातले माजघर या कामी सर्वांत चांगले : जाड भिंती, वर पांढऱ्या मातीचा थर, खिडक्या थोड्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात असल्याच जड छपरांनी माणसे गाडली गेली, म्हणून लातूर-धाराशिव भागातील पुनर्वसित गावांत माळवदे राहिली नाहीत. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्याची खोली टाळावी, कारण तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. पत्र्याच्या खोलीचा विचारच करू नये. तळमजल्याची, उत्तर किंवा पूर्वेची खोली योग्य.

नुसता पंखा लावून भागते हा गैरसमज आहे. सशाच्या अंगाचे तापमान ३८.५ ते ४० अंश असते. ४२ अंशांची हवा त्याच्यावर सोडली तर तो तापतो, निवत नाही. खिडकीला ओले तरट किंवा वाळ्याचा पडदा लावला, की तीच हवा थंड होऊन येते. कूलरही मे महिन्यात उत्तम, कारण हवा कोरडी असते. मृगाचा पाऊस पडल्यावर मात्र तोच कूलर खोलीत दमटपणा कोंबतो. तेव्हा पाणी बंद करावे. भारनियमनासाठी एक लिटरच्या दोन बाटल्या गोठवून, फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. ससा आपणहून त्यांना टेकून बसतो.

जमीन : शहाबादी फरशी थंड राहते, हा तिचा मोठा गुण. पॉलिश केलेली फरशी व टाइल्स मात्र घसरड्या. सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात, त्यामुळे पाय फाकतात. अर्ध्या भागावर काथ्याची चटई किंवा तरट अंथरावे व उरलेली फरशी मोकळी ठेवावी. गोधडी वा सतरंजी टाळावी. सुटलेले दोरे पोटात जाऊन अडकतात. तारेच्या जाळीच्या तळाबद्दल दोन मते आहेत. व्यावसायिक ससेपालनाच्या पुस्तिका तिची शिफारस करतात, कारण लेंड्या खाली पडतात आणि कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या परजीवी रोगाचा प्रसार कमी होतो. घरी एक-दोन ससे वर्षानुवर्षे राहायचे असतील तर हा फायदा गौण ठरतो. भार तारेवर येऊन टाचांचे केस झडतात, कातडी सोलते आणि जखम हाडापर्यंत जाऊ शकते. घरात सपाट तळच असावा.

कुंपण : ब्रिटनमधील रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड या संस्थेने दोन सशांसाठी किमान ३ × २ मी. व १ मी. उंचीची, सतत खुली असलेली जागा सांगितली आहे. म्हणजे सुमारे ६५ चौ. फूट, दहा बाय दहाच्या खोलीचा दोन-तृतीयांश भाग. एवढी जागा थोड्याच घरांत निघते. तडजोड म्हणून ६ × ४ फुटांचे कुंपण करून सकाळ-संध्याकाळ पूर्ण खोली मोकळी द्यावी. ससा पहाटे व तिन्हीसांजेला हुंदडतो आणि दुपारी झोपतो, म्हणून हे जमते. एक इंची वेल्डमेश, लाकडी चौकटी आणि बाहेरून कडी पुरे. उंची तीन फूट. मांजर किंवा बोका घरात शिरत असेल तर वरूनही जाळी हवी, आणि मोरीच्या तोंडाला घुशी व सापांसाठी बारीक जाळी बसवावी. जमिनीपासून दोन फुटांपर्यंतच्या वायरी पीव्हीसी पाइपातून न्याव्यात.

पेटी साधारण ६० × ४५ × ४० सें.मी.ची, दोन तोंडांची असावी. एकच तोंड असेल तर दांडगा ससा ते अडवून दुसऱ्याला कोंडतो. एकट्या सशासाठी आडवा टेकवलेला जुना रांजणही चालतो. काठ घासून घ्यावा आणि तो लोळू नये म्हणून दोन्ही बाजूंनी विटा लावाव्यात.

मलमूत्राचे पात्र : ससा बहुधा एकच कोपरा धरतो. तो कोपरा आठवडाभर पाहून घमेले तेथेच ठेवावे. आपल्या सोयीचा कोपरा त्याच्यावर लादता येत नाही. तळाला वर्तमानपत्राचे पाच-सहा थर, वर तीन-चार सें.मी. कडब्याची कुट्टी. कुट्टी ओल फार शोषत नाही म्हणून रोज बदलावी. पॅकिंगच्या पाइन लाकडाचा भुसा त्यातील उग्र द्रव्यांमुळे वर्ज्य. गठ्ठा होणारी मांजराची वाळूही नको. ससा ती खातो. घमेल्याच्या एका अंगाला गवताची पेंढी टांगली की खाता खाता तेथेच लेंड्या टाकण्याची सवय जडते. मूत्रात कॅल्शियम बरेच असल्याने घमेल्यावर पांढरी पुटे चढतात. ती व्हिनेगरने निघतात. घमेल्याच्या उंचीवर नाक नेले असता चुरचुरले, तर अमोनिया साठला आहे.

वैरण व पाणी : दात आयुष्यभर वाढत असल्याने मारवेल किंवा पवन्याचे वाळलेले गवत दिवसरात्र समोर असावे. कडब्याची ताटे कुरतडायला ठीक, गवताची जागा घेत नाहीत. कोवळ्या हिरव्या ज्वारीने गुरांना किराळ (विषबाधा) लागते. सशालाही ती देऊ नये. लसूणघास वाढत्या पिलांना चालतो. मोठ्या सशाला रोज दिल्यास जादा कॅल्शियम मूत्राशयात साचते. पाणी जड चिनी मातीच्या वाडग्यात द्यावे. नळीच्या बाटलीतले पाणी उन्हाळ्यात लवकर तापते व ससा पुरेसे पीत नाही.

पावसाळ्यात कडबा-गवताला बुरशी येते. काळे डाग दिसलेली पेंढी टाकून द्यावी. याच दिवसांत बुडाशी घाण चिकटलेल्या सशावर माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या पडतात. शेपटीखालची जागा रोज पाहावी.

सशाचा सांगाडा हलका, एकूण वजनाच्या सात-आठ टक्केच, आणि मागचे पाय फार ताकदीचे. दचकून लाथ झाडली तर स्वतःचाच कणा मोडू शकतो. दिवाळीच्या रात्री कुंपण आतल्या खोलीत हलवून, पेटीवर जाड चादर टाकून दोन्ही तोंडे मोकळी ठेवतात.