रेडिओ-ब्राउझिंग

रेडिओ-ब्राउझिंग : श्रोत्यांनी विचारलेला विषय रेडिओ केंद्रात बसून इंटरनेटवर शोधायचा, सापडलेला मजकूर जाणकाराकडून पारखून घ्यायचा आणि चालू कार्यक्रमात श्रोत्यांच्या भाषेत सांगायचा, अशी पद्धत. ऐकणाऱ्याकडे संगणक, टेलिफोन किंवा इंग्रजी यांतले काहीही नसले तरी चालते. सेलवरचा ट्रान्झिस्टर पुरतो. गावाला इंटरनेट ‘वाचून दाखवणे’ असे तिचे वर्णन केले जाते, पण ते फसवे आहे. वेबपान जसेच्या तसे वाचले तर कोणी दोन मिनिटेही ऐकत नाही.

या पद्धतीचे सर्वांत परिचित उदाहरण श्रीलंकेच्या मध्य डोंगराळ भागातील कोत्मले येथील आहे. महावेली नदीच्या खोऱ्यातील हे सामुदायिक रेडिओ केंद्र १९८९ मध्ये सुरू झाले आणि ते सरकारी प्रसारण संस्थेच्या छत्राखाली चालत असे. १९९८ मध्ये युनेस्कोच्या पुढाकाराने तेथे ६४ केबीपीएसची स्वतंत्र जोडणी आली. केंद्राबरोबरच गंपोला आणि नावलपिटिया या गावांतील वाचनालयांतही लोकांसाठी संगणक ठेवले गेले. श्रोते पत्रातून किंवा फोनवरून विषय कळवत. आरोग्याचा विषय असेल, तर डॉक्टरसारखा जाणकार निवेदकाच्या शेजारी बसे.

वेगाचा हिशेब केला की कार्यक्रमाची घडण लक्षात येते. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ किलोबाइट. २४० किलोबाइटचे पान पूर्ण उतरायला जोडणी मोकळी असली तरी अर्धा मिनिट लागतो, आणि रेडिओवर अर्ध्या मिनिटाची शांतता म्हणजे केंद्र बंद पडल्याची खूण. त्यामुळे पाने आधीच उघडून साठवून ठेवावी लागतात. थेट शोध दाखवायचाच असेल तर तेवढा वेळ पाहुण्याशी गप्पांनी भरायचा. भाषेची अडचण याहून मोठी. सिंहली लिपी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर सर्व लिपी लिहिण्याच्या जागतिक मानकात, १९९९ मध्ये आली. त्या काळात वेबवर सिंहली मजकूर नावापुरताच होता, म्हणजे जे सापडे ते बहुतेक इंग्रजीत. भाषांतर ही सोय नव्हती, तोच मुख्य उद्योग होता.

एका तासात एकच विषय आणि तीन-चार पाने, यापेक्षा जास्त माल पेलत नाही. प्रत्येक पानाचा पत्ता आणि ते उतरवल्याची तारीख वहीत लिहावी; आठवड्याने कोणी ‘त्या औषधाचे नाव काय होते?’ म्हणून विचारतोच. आकडे दोनदा आणि सावकाश सांगावेत. सर्वाधिक घोटाळा मापांत होतो : परदेशी पानावर एकरी गॅलन असतात, शेतकऱ्याच्या पाठीवरचा फवारणी पंप लिटरचा. अमेरिकन गॅलन सुमारे ३.८ लिटरचा, ब्रिटिश ४.५ लिटरचा. हा फरक न पाहता रूपांतर केले तर मात्रा जवळपास पाचव्या हिश्शाने चुकते. शिवाय परदेशात शिफारस असलेले कीटकनाशक स्थानिक दुकानात मिळते का आणि त्याला इथे परवानगी आहे का, हे कृषी अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय नाव उच्चारू नये.

यंत्रसामग्री थोडी लागते, पण जोडताना कटकटी होतात. संगणकाचा आवाज स्टुडिओतील मिक्सरला (वेगवेगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राला) दिला की अर्थिंगच्या फरकामुळे ५० हर्ट्झची घरघर प्रक्षेपणात शिरते. मधे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकला की ती जाते. अर्थिंगची तार तोडूनही ती जाते. मात्र तो उपाय जिवावर बेतू शकतो. पंखा घोंघावणारा संगणक माईकपासून लांब ठेवावा. डोंगराळ भागात एफएमच्या लहरी कड्याआड पोहोचत नाहीत, म्हणून प्रक्षेपणाचा पल्ला दाखवणारे नकाशावरचे वर्तुळ आणि खरे श्रोते यांत तफावत राहते.

जुन्या-नव्या साधनांचा असाच सांधा इतरत्र वेगळ्या रीतीने जुळवला गेला. पुदुच्चेरीजवळच्या वीरमपट्टिनम या मच्छीमार गावात कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांच्या प्रतिष्ठानच्या ज्ञानकेंद्राने अमेरिकी नौदलाच्या संकेतस्थळावरून लाटांच्या उंचीचा अंदाज उतरवून तो ध्वनिक्षेपकावरून सांगण्याची प्रथा पाडली. कर्ण्यासाठी कोणाला साक्षर असावे लागत नाही. शेजारच्या नल्लवाडू गावात २६ डिसेंबर २००४ रोजी याच व्यवस्थेचा अनपेक्षित उपयोग झाला : सिंगापूरहून आलेल्या फोननंतर कर्ण्यावरून त्सुनामीचा इशारा दिला गेला आणि लोक वेळेत किनाऱ्यापासून हटले. छत्तीसगडमधील सीजीनेट स्वरा या २०१० मध्ये सुरू झालेल्या उपक्रमात साध्या फोनवरून मिस्ड कॉल द्यायचा, उलट आलेल्या कॉलवर आपली बातमी किंवा तक्रार बोलायची. ती तपासून फोनवर आणि वेबवर ऐकवली जाते.

महाराष्ट्रात याची उलटी वाट वारणानगर परिसरात दिसली. १९९८ च्या प्रकल्पात साखर कारखान्याच्या सभासदांसाठी गावोगाव संगणक बसवले गेले. प्रत्यक्षात लोक मुख्यतः आपल्या उसाचे वजन, खते आणि देणी एवढेच पाहायला येत. एवढ्या कामासाठी संगणक, यूपीएस आणि दुरुस्ती परवडण्यासारखी नव्हती. पुढे प्रयोगादाखल काही गावांत संगणकांच्या जागी मोबाईलचा लघुसंदेश वापरला गेला आणि तेच काम कमी खर्चात होऊ लागले. कोणते साधन नवे, यापेक्षा विचारणाऱ्याला उत्तर किती शब्दांत हवे आहे, हे आधी मोजायला हवे होते.

भारतात सामुदायिक रेडिओ चालवण्याची मुभा स्वयंसेवी संस्थांना २००६ च्या धोरणाने मिळाली. प्रभावी प्रक्षेपणशक्ती १०० वॅट, म्हणजे सपाट मुलखात साधारण ५ ते १० किलोमीटर. या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, त्यामुळे वृत्तसंस्थेच्या संकेतस्थळावरची बातमी ब्राउझिंग म्हणून सांगणेही नियमात बसत नाही. हवामान, परीक्षा, रोजगार, पाणीपुरवठा, आरोग्य या सूचना मात्र चालतात, आणि श्रोत्यांचे बरेचसे प्रश्न याच विषयांवरचे असतात.